सड्यावरचा गडगा

बाबल्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला, की काहीतरी न्यायलाच आला आहे, हे सडेवाडीतल्या कुत्र्यांनाही कळत असे. तो आबा खोतांचा गडी. स्वतःचं असं तो सहसा काही बोलत नसे. खोतांचा निरोप तोंडात धरून यायचा, ओसरीवर टाकायचा आणि पुढच्या घराकडे वळायचा. त्या वैशाखात त्याने आणलेला निरोप असा होता, की उद्यापासून घरटी एक माणूस वाडीवरच्या उघड्या सड्यावर हवं. दगड उचलायचे, करवंदीची झुडपं तोडायची, खड्डे भरून चोपून घ्यायचे. मुंबईहून विमान येणार आहे.

हौसाला वाटलं, याला सकाळीच कोणीतरी माडी पाजली. पण बाबल्याला एवढं मोठं खोटं रचता आलं नसतं. खोतांची आई यमुनाबाई महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती. पाठीवर काळपुळी उठली होती आणि ती मुंबईलाच नेऊन कापायला हवी, असं रत्नागिरीहून येणारा डॉक्टर म्हणत होता. त्या साली दर्या लवकर खवळला होता. तसा दर्या असला, की आगबोट रत्नागिरीला किनाऱ्यावरून माणसं नेणाऱ्या पडावांची वाट न बघता सरळ पुढे निघून जाई. मोटारीने घाट चढून कोल्हापूर गाठायचं, तर म्हातारी घाटातच संपली असती. खोतांचा धाकटा भाऊ मुंबईत मोठा व्यापारी. त्याने आईसाठी विमान ठरवलं. हातखंब्याच्या वाटेला लागून असलेला सडा लांब आणि सपाट, म्हणून ते तिथे उतरायचं ठरलं.

बाबल्याच्या तोंडात दुसराही निरोप होता. विमान येऊन जाईपर्यंत कोणी दाढ भाजायची नाही.

हे मात्र हौसाला झोंबलं. ज्या वाफ्यात भाताची रोपं करायची, तो वाफा म्हणजे दाढ. पावसाआधी तिच्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांची कवळं, पाचोळा पसरून ती भाजावी लागते. नाही भाजली तर रोपापेक्षा तणच जास्त उगवतं, आणि मग वर्षभर काय खायचं हा प्रश्न उरतो. सगळ्या वाडीच्या दाढी पसरून तयार होत्या. पण विमानवाल्याने कळवलं होतं, की सड्याच्या कडेला एक मोठा धूर करा. त्यावरून त्याला जागाही कळणार आणि वाराही. चहूकडून धूर निघायला लागले, तर तो कुठे उतरणार?

"म्हंजे खोतांच्या आवशीसाठी आमी दाढी भाजायच्या नाय," हौसा म्हणाली. "नि चुली? चुलींचा धूर चालंल काय त्याला?"

बाबल्याने खरंच विचार केला. चुलींचं आपल्याला काही सांगितलेलं नाही, तरी विचारून येतो, असं म्हणून तो गेला.

वेठ काही नवी नव्हती. खोतांचं घर शाकारायचं असो, बंदरावरून सामान आणायचं असो की लग्नाचा मांडव घालायचा असो, घरटी एक माणूस द्यावंच लागे. वाडीतले धडधाकट पुरुष बहुतेक मुंबईत. त्यामुळे माणूस म्हणजे बाई. हौसाचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा रघू मुंबईला गिरणीत होता. घरात दोघीच, ती आणि सून. हौसाच्या टाचेत काटा मोडून पाय सुजला होता, म्हणून तिने सखूला पाठवलं.

सखू हौसाच्या भावाचीच मुलगी. लग्न होऊन आली तरी सासूला ती आतेच म्हणायची. आते म्हणून हौसाने तिला कधी लाडात घेतलं असं नाही. हिला भाकरी थापता येत नाही, ही हसते फार, ही कोंबड्यांशी गप्पा मारत बसते, अशा तिच्या तक्रारी शेजारच्या कमळाला तोंडपाठ होत्या. पण त्याच कमळाने एकदा "तुझी सून जरा खुळीच हाय" असं म्हटलं, तर हौसाने पुढचा आठवडाभर तिला विस्तव दिला नव्हता.

दोन दिवस बायांनी सड्यावर दगड वेचले. तांबड्या जांभ्याचे, भोकाभोकांचे, उन्हात तापलेले दगड. ते नुसते फेकून द्यायचे नव्हते. जिथे विमान धावायचं, त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना त्यांच्या राशी लावायच्या होत्या. खोत छत्री घेऊन येत, विमान म्हणजे काय ते बायांना समजावून सांगत आणि परत जात. पिण्याच्या पाण्याची सोय मात्र कोणी केली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी सखूने एका दगडाखाली हात घातला आणि झटकन बाहेर काढला. दगडाखाली फुरसं होतं.

सड्यावरचं फुरसं वीतभर असतं. नागासारखं ते लगेच मारत नाही. चावलेला माणूस चालत घरी येतो, हसूनसुद्धा दाखवतो. सखूही चालत आली. आते, काय नाय गो, जरासा चावला, असं म्हणाली. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. दुसऱ्या दिवशी तिने चूळ भरली तर पाणी लाल झालं. हौसाने पाला बांधला, मंत्र घालणाऱ्याला आणलं, देवाला नारळ बोलली. हिरड्यांतून येणारं रक्त काही थांबलं नाही.

डॉक्टर खोतांच्या आईला बघायला आला, तेव्हा हौसा त्याला वाटेतच आडवी आली. दुखऱ्या पायाने तिने त्याला आपल्या ओसरीपर्यंत आणलं. माणूस वाईट नव्हता. त्याने सखूचा हात पाहिला, तोंड पाहिलं, आणि बाहेर येऊन हौसाला सांगितलं, की या विषावर टोचायची लस असते, पण ती माझ्याकडे नाही. मुंबईला आहे. पोर तिथे वेळेत पोचली तर जगेल. नाही पोचली, तर दोन-तीन दिवस.

हौसाने विचारलं, विमानात माणसं किती बसतात?

डॉक्टरने मान खाली घातली. दोन बसतात, म्हणाला. एक म्हातारी आणि एक तिच्यासोबत कोणीतरी. सोबत जाणार होते खोत स्वतः. मी खोतांशी बोलून बघतो, असं तो म्हणाला. बोलला असेलही. पण ज्याच्या घरी आपण पाहुणा म्हणून जेवतो त्याच्याशी माणूस जसं बोलतो, तसंच बोलला असणार.

हौसा स्वतः खोतांकडे गेली. खोत झोपाळ्यावर होते. तिने सगळं सांगितलं: पोर तुमच्या कामावर होती, तुमच्या विमानासाठी दगड उचलताना तिला डसलं, तुमी मागनं मोटारीनं या, तुमच्या आवशीच्या संगती तिला जाऊ द्या, ती म्हातारीची सेवा करील.

खोतांनी सुपारी कातरली. म्हणाले, "बघू."

या शब्दाचा हौसाला जन्मभराचा अनुभव होता. विहिरीवर पाणी मागितलं तेव्हा बघू. रानातून कवळं तोडायला मागितलं तेव्हा बघू. वाडीतल्या शिवाच्या शेतात खोतांनी गडगा, म्हणजे दगडांचं बुटकं कुंपण, घालून पायवाट अडवली, तेव्हाही सगळी वाडी गेली होती आणि बघूच ऐकून आली होती. शिवाने रागाने तो गडगा पाडला. मग पंच बसले. आमच्याकडे रीत अशी, की गडगा ज्याच्या हातचा त्यानेच काढायचा. तो चुकीच्या जागी असो, कोणाचं नुकसान होवो, दुसऱ्याने त्याच्या दगडाला हात लावायचा नाही. नाहीतर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत रोज डोकी फुटतील. ती रीत खोतांनी पंचांसमोर मोठ्या आवाजात सांगितली होती आणि शिवाला चारचौघांत नाक घासायला लावलं होतं.

तरी हौसाने तो बघू पदरात बांधून आणला. दुसरं काही नव्हतंच.

विमान यायच्या दिवशी धुराचं काम तिने मागून घेतलं. बाबल्या करणार होता, पण ओला पाला आधी टाकायचा की नंतर, हे त्याला कळेना. हौसाला त्याच्यावर सोडायचं नव्हतं. रात्रभर तिच्या मनात एकच होतं. मी धूर केलाच नाही तर? येऊ दे विमान, फिरू दे वर घारीसारखं, आणि जाऊ दे परत. बसू दे खोतांना छत्री धरून. या विचाराने तिला इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःचीच भीती वाटली. पण विमान परत गेलं तर सखूही गेली. तिने पहाटेच शेणी रचल्या, विस्तव घातला, आणि सूर्य वर आल्यावर ओला पाला टाकला. करडा, जाड धूर उठला आणि डोंगराकडे कलला. एवढ्या मोठ्या मुलखात तेवढाच एक. बाकी सगळ्यांच्या दाढी न भाजता पडलेल्या.

सखूला कमळा आणि तिची जाऊ गंगा यांनी पाळण्यातल्यासारखं घोंगडीत धरून आणलं होतं. करवंदीच्या सावलीत तिला टेकवलं. तिचा हात खांद्यापर्यंत सुजून चकाकत होता. तोंडाशी फडकं धरलेलं, त्यावर लाल डाग. तरी तिचं लक्ष आभाळात.

"आते," तिने विचारलं, "त्याला पाय असतात काय गो?"

"असतील नायतर नसतील. तू गप पड."

यमुनाबाईंची डोली शिवा आणि तिघं जण घेऊन आले. मागे खोत, डॉक्टर, आणि सगळ्यांत मागे बाबल्या, डोक्यावर आंब्याची पेटी घेऊन. तो सकाळपासून खेपा घालत होता. खोतांच्या बागेतला हापूस. भावासाठी असेल, असं हौसाला वाटलं आणि तिने तिकडे फारसं पाहिलं नाही.

विमान आलं ते आधी ऐकू आलं. मग धुराच्या दिशेने ते खाली आलं, एकदा डोक्यावरून गेलं, वळलं आणि बायांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर उड्या मारत धावत येऊन थांबलं. पोरं ओरडली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. लाकडाचं आणि कापडाचंच होतं. पुढे पेटीसारखी बंद खोली, तिच्यात दोन माणसांची जागा. विमानवाला मागे उघड्यावर बसलेला. तो उतरला, तर तरणा पारशी निघाला. डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवून त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, लवकर करा, दुपारच्या गरम हवेत हे यंत्र दोन माणसं घेऊन वर चढत नाही.

डोली विमानाजवळ नेली. यमुनाबाईंनी पडदा बाजूला केला आणि विमानाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाई जन्मभर लोकांना उठवणारी आणि बसवणारी. कुळांना तर तिचा खोतांपेक्षा जास्त धाक. तिने मुलाला विचारलं, हे किती उंच जातं? खोतांनी सांगितलं, ढगांपर्यंत. आणि वाटेत मी गेले तर, म्हातारीने विचारलं.

खोतांनी डॉक्टरला पुढे बोलावलं.

"माणसाला मरताना भुईवर घेतात, आबा," म्हातारी म्हणाली. "सारवलेल्या भुईवर. तुझ्या बापाला घेतलं, तुझ्या आजीला घेतलं. मी काय पाप केलं, म्हणून मला अधांतरी मारतोस? तिथे माझ्या तोंडात पाणी कोण घालील, हा पारशी?"

खोतांनी समजावलं. डॉक्टरने समजावलं. तुम्ही मरणार नाही, वाचावं म्हणूनच नेतोय, असं दोघंही पुन्हा पुन्हा सांगत होते. म्हातारीने डोलीच्या दांडीला जी मूठ घातली ती सुटेना. मला घरी न्या, एवढंच. शेवटी डॉक्टरच म्हणाला, की जबरदस्तीने चढवलं तर त्या धसक्यानेच काही व्हायचं. नको.

हौसाच्या कानात हे सगळं पडत होतं. एक नाही, आता दोन जागा मोकळ्या झाल्या. एक सखूची, एक माझी. तिने देवाला बोललेले नारळ मनात वाढवले. कमळाला आणि गंगाला तिने खूण केली, आणि त्यांनी घोंगडी उचलली.

त्या विमानाशी पोचल्या, तेव्हा बाबल्या आत वाकून आंब्याच्या पेट्या रचत होता.

हौसाला आधी समजलंच नाही. तिला वाटलं, तो त्या बाहेर काढतोय. मग तिने पाहिलं, की एका जागेवर पेट्या होत्या आणि दुसऱ्या जागेवर तो गवत पसरत होता, म्हणजे तिथेही ठेवायच्या. खोत बाजूला उभे राहून पारशाला सांगत होते, की मोकळं कशाला पाठवायचं, भावाकडे पोचते करा, त्यातल्या चार पेट्या एका मोठ्या साहेबांकडे जायच्या आहेत, झाडावरून उतरवलेला आंबा दुपारी मुंबईत, असं आजवर कोणी केलेलं नाही.

"खोतानू," हौसा म्हणाली, "सखूची जागा कुठं?"

खोत वळले. त्यांच्या कपाळावर घाम होता. आई चारचौघांत नाही म्हणाली होती, विमान बघायला हातखंब्यापासून माणसं जमली होती, आणि ती सगळी आता त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, की हे विमान माझ्या भावाने माझ्या आईसाठी पाठवलं आहे, ही काही हातखंब्याची मोटार नाही की कोणीही हात दाखवावा आणि चढावं. उद्या मुंबईत लोक म्हणतील, खोतांच्या विमानातून कूळ उतरलं.

"तुमी बघू म्हणालात."

"बघितलं," खोत म्हणाले.

डॉक्टर पुढे झाला, काहीतरी म्हणाला, आणि खोतांनी नुसतं त्याच्याकडे पाहिल्यावर मागे सरला. पारशाने सखूचं तोंड पाहिलं आणि टोपी काढली. आपल्याला दोन माणसं नेली काय, पेट्या नेल्या काय, सारखंच, पण ज्याने विमान ठरवलं त्याच्या घरच्यांनी सांगायला हवं, असं तो म्हणाला. मग तो उगाच चाकाशी जाऊन वाकला.

हौसाला आता रडायला येईल, असं कमळाला वाटलं. पण तिला रडायला आलं नव्हतं. तिला ते दगड दिसत होते. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना रचून ठेवलेले, तांबडे, एकेक हाताने उचललेले. त्यातला एक तो होता, ज्याच्याखाली सखूने हात घातला. आंबे जावेत म्हणून घातला. भुईवरच मरायचं ते या म्हातारीने आणि भुईवरच मरायचं ते सखूनेही, फक्त म्हातारीला विचारलं होतं आणि सखूला कोणी विचारलं नव्हतं.

ती राशीकडे गेली. दुखऱ्या टाचेवर रेटा देऊन तिने दोन्ही हातांत मावेल एवढा दगड उचलला, छातीशी धरून आणला आणि विमानाच्या पुढे, थोड्या अंतरावर, पट्ट्याच्या मधोमध ठेवला. परत गेली. दुसरा आणला. पहिल्याला चिकटून ठेवला. तिसरा त्या दोघांच्या सांध्यावर.

पारशी धावत आला. "बाई, हे काय करते?"

"गडगा घालतंय," हौसा म्हणाली.

कमळाने सखूला सावलीत ठेवलं आणि ती राशीकडे गेली. मग गंगा गेली. मग ज्या ज्या बायांनी ते दगड वेचले होते त्या सगळ्या निघाल्या. कोणी कोणाला बोलावलं नाही. गडगा घालणं हे दर साली पावसाआधीचं काम, हात आपोआप चालतात. मोठे दगड खाली, चिपा मध्ये, सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही. कोणीतरी हौसाला म्हणालं, की तुझा सांधा चुकला, आणि तिने तो दगड काढून नीट बसवला. गुडघाभर उंचीचा तो गडगा पट्ट्याच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत वाढत गेला.

खोत ओरडले. कोणी मान वर केली नाही. त्यांनी बाबल्याला हुकूम केला, काढ ते दगड. बाबल्या गडग्यापाशी गेला, उभा राहिला, आणि परत आला.

"आबानू, माज्या हातचा नाय तो," तो म्हणाला. "तुमीच पंचांत सांगितलात. शिवानं नाक घासलान तवा मी तितंच हुतो."

बाबल्या टोमणा मारत नव्हता. त्याला टोमणा मारताच येत नसे. जमलेल्या माणसांतून हसण्याची एक लाट गेली, आणि ती खोतांना दगडापेक्षा जास्त लागली. ते स्वतः पुढे झाले, छत्री टाकली आणि वरच्या दगडाला हात घातला. हातखंब्याचे दोन म्हातारे पंच तिथेच उभे होते. त्यांच्यातला एक शांतपणे म्हणाला, "आबा, विचार करून."

खोतांनी हात मागे घेतला.

तेवढ्यात डोलीतून आवाज आला. यमुनाबाईंचा पडदा उघडाच होता आणि ऊन सरकून आत आलं होतं. ती कळवळून डोलीवाल्यांना हाका मारत होती, चला, उचला, घरी चला. शिवा आणि त्याचे तिघं सोबती डोलीशी नव्हतेच. ते गडग्याशी दगड लावत होते. म्हातारीने शिवाला नावाने हाक मारली. शिवा आला, डोलीशी उकिडवा बसला आणि अदबीने म्हणाला, आईसाब, गडगा सुटल्याबिगर कोन हात लावनार नाय. आमी पन नाय.

म्हातारीने डोळे मिटले. तिला सखूची दया आली असं समजायचं कारण नाही. तिला ऊन लागत होतं, पाठ ठणकत होती, आणि या उघड्या सड्यावर, लोकांच्या पायांत, परक्या धुळीत आपला जीव जाईल, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. आपली भुई, आपलं सारवण, आपलं तुळशीपाणी, हे सगळं त्या गडग्याच्या पलीकडे होतं.

"आबा," ती म्हणाली, "आंबे उतरव."

खोत काही म्हणायला गेले.

"उतरव म्हणते ना. त्या पोरीला घाल आत. आणि मला घरी ने. मी तुला सांगून ठेवते, मी इथे गेले तर माझ्या मागून तुझ्या हातच्या पिंडाचा घास मी घ्यायची नाही."

खोतांनी बाबल्याला हात केला, आणि पेट्या एकेक खाली आल्या.

पण ऊन चढलं होतं. पारशाने बोट ओलं करून वर धरलं, सड्यावरून उठणारी झळ पाहिली, पट्ट्याची लांबी पाहिली आणि मान हलवली. आता दोन नाय, म्हणाला. एकच. सकाळी दोन गेली असती.

हौसाने ते ऐकलं. म्हातारीची मनधरणी चालली, पेट्या रचल्या गेल्या, बघितलं म्हणून झालं, तेवढ्यात तिची जागा गेली. तिने खोतांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हातात दगड होताच.

सखूला आत घेतलं. पेट्यांखालचं गवत तिथेच होतं, त्यावर घोंगडी घातली. डॉक्टरने चिठ्ठी लिहून पारशाच्या खिशात घातली आणि मी रघूलाही तार करतो, असं म्हणाला. या वेळी त्याने खोतांकडे पाहिलं नाही. सखूने हौसाचा पदर धरला.

"आते, तू नाय येत?"

"मी कशी येतंय? गडगा कोन काढील?" हौसा म्हणाली. "सोड. पदर फाटंल. तितं गेल्यावर हसत बसू नको, टोचतील तसं टोचून घे. मेलीस तर मंग बघ माझ्याकडं."

सखू हसली. दात लाल होते.

गडगा घातला होता त्याच हातांनी बायांनी तो काढला. जिने जो ठेवला तो तिने उचलला. घालताना जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्यात पट्टा मोकळा झाला. शेवटचे तीन दगड हौसाचे होते. पारशाने यंत्र सुरू केलं, आणि ते धुळीचा लोट उठवत धावत गेलं, सड्याच्या टोकाला जाऊन खाली पडतंय असं वाटलं, आणि मग दर्याच्या अंगाला वर उठलेलं दिसलं. हौसाने ते नाहीसं होईपर्यंत पाहिलं. मग ती आपल्या धुरापाशी गेली. शेणी अजून धुमसत होत्या. तिने खापरात विस्तव भरून घेतला.

मागून खोतांचा आवाज आला, की पेट्या घरी न्यायच्या आहेत, घरटी एक. डोलीवाले डोली घेऊन आधीच निघाले होते. बाया हौसाच्या मागे आल्या. ज्यांच्याकडे खापर होतं त्यांनी खापरात, नव्हतं त्यांनी जळक्या शेणीचा तुकडा काठीवर, असा विस्तव घेतला आणि सड्यावरून खाली उतरल्या. खोत पेट्यांपाशी छत्रीत उभे राहिले. बाबल्या एक पेटी घेऊन निघाला. अजून बऱ्याच होत्या आणि वाट लांब होती.

दुपारपर्यंत सडेवाडीतली एकूण एक दाढ पेटली होती. धूर इतका झाला, की सड्यावरून खालची घरं दिसेनाशी झाली. आता कोणाला कुठे उतरायचं असेल त्याने उतरावं, असं कमळा म्हणाली. हौसा आपल्या दाढीच्या बांधावर उभी होती. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुराने, आणि हाताच्या मुठी मात्र अजून वळलेल्याच होत्या.

सखू वाचली. मुंबईहून ती गणपतीला रघूबरोबर बोटीने आली. चावलेलं बोट वाळून काडीसारखं झालेलं, बाकी पहिल्यासारखीच. यमुनाबाई तोवर गेली होती, आपल्या भुईवर, हवी होती तशी. खोतांनी त्या पावसात हौसाला रानात कवळं तोडायची बंदी केली. तिने ती दुसऱ्याच्या हद्दीतून वाहून आणली आणि खोतांच्या दारावरून नेली.

शिमगा झाल्यावर बाबल्या पुन्हा खळ्यात येऊन उभा राहिला. खोतांच्या माडीचं काम निघालं होतं. उद्यापासून घरटी एक माणूस.

सखू कोंबड्यांना दाणे टाकत होती. हौसाने तिचा हात धरून पुढे केला आणि ते वाळलेलं बोट बाबल्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"आमच्या घरचं माणूस एकदा देऊन झालं," ती म्हणाली. "जा, सांग त्यांना. शब्द विसरू नको."

बाबल्याने तो निरोप तोंडात धरला. पुढच्या घरी कमळा दारातच उभी होती. त्याने विचारायच्या आधीच तिने नाही म्हणून मान हलवली. तिच्या पलीकडे गंगा होती. बाबल्या वाटेतूनच वळला आणि सड्याच्या वाटेने खोतांकडे एकटाच परत गेला.